डुगाँगच्या डोक्यावरचं पाणी मोकळं सोडा : तांबड्या समुद्रात डायव्हिंगला जाणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रिय डायव्हर मित्रमैत्रिणींनो, आणि त्यांच्या इजिप्तच्या सहली आखणाऱ्या सगळ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रकिनारी, मर्सा आलम गावाच्या उत्तरेला किनाऱ्यात लहान-लहान खाड्या आत शिरल्या आहेत. गेल्या खेपेला त्यांतल्याच एका खाडीत मी पहिल्यांदा डुगाँग, म्हणजे समुद्री गवतावर जगणारा मोठा सस्तन प्राणी, पाहिला. सहा-सात मीटर खोली, खाली समुद्री गवताचं कुरण, आणि त्यात तोंड खुपसून तो चरत होता. जाड ओठांनी गवत मुळासकट उपटायचा. वाळूचा धुरळा उठायचा, खाली बसायचा, आणि मागे कुरणात एक उघडी पट्टी उरायची. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे त्याच्या नाकासमोर पोहत होते, पाठीला दोन रेमोरा मासे चिकटले होते. आम्ही चौघं दूर वाळूवर थांबलो होतो. त्याला आमचं काही वाटत नव्हतं.

मग वरून इंजिनांचे आवाज आले. एकामागून एक रबरी बोटी, म्हणजे तिथल्या भाषेत झोडियॅक, येऊन थांबल्या आणि माणसं धपाधप पाण्यात पडली. डुगाँग श्वासासाठी वर निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावर नुसती फिन्सची, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या पंखांची, हलती चटई होती. मी 22 पर्यंत माणसं मोजली आणि सोडून दिलं. तो अर्ध्यातून वळला, श्वास न घेताच खाली आला, थोडं पुढे जाऊन पुन्हा वर निघाला. चटई त्याच्यासोबत सरकली. तिसऱ्या वेळी त्याने शेपटीचा एक जोरदार फटका मारला आणि खाडीच्या तोंडाकडे, खोल पाण्यात निघून गेला. आम्ही चौघंही तोवर वाळू सोडून कॅमेरे घेऊन त्याच्या मागे निघालो होतो. त्यात मीही होते.

संध्याकाळी खलाशांसाठी पाकीट फिरलं. डुगाँग दिसला म्हणून सगळ्यांनी सढळ हाताने पैसे टाकले. मीही टाकले. हे पत्र मी त्या पाकिटामुळे लिहिते आहे.

पण आधी त्या खाडीबद्दल थोडं सांगू द्या, कारण ती नीट समजली की डुगाँग तिथेच का असतो ते कळतं. तांबड्या समुद्राला बारमाही नदी एकही मिळत नाही. पाऊस नावापुरता. त्यामुळे पाण्यात गाळ नाही, सूर्यप्रकाश खोलवर पोचतो, आणि प्रवाळ अगदी किनाऱ्याला चिकटून वाढतं. चार पावलं चालत गेलात की भिंतीच्या कडेला उभे. प्रवाळाची ही भिंत, म्हणजे रीफ, मैलोनमैल जाते आणि मध्येच तुटते. जिथे तुटते तिथे वाळवंटातून आलेली एक कोरडी दरी समुद्राला मिळते. तिला वादी म्हणतात. वर्षानुवर्षं ती कोरडी असते, पण पाऊस झालाच तर डोंगरावरून लोंढा येतो आणि वाळू, माती, गोडं पाणी एकदम समुद्रात ओततो. प्रवाळाला यातलं काहीच सोसत नाही. म्हणून वादीच्या तोंडाशी रीफमध्ये खिंडार राहतं, तळाला वाळू साचते, आणि त्या वाळूत गवत रुजतं. नावेला आसरा देणाऱ्या या खाडीला अरबीत मर्सा म्हणतात, काही ठिकाणी शर्म. मर्सा आलम, शर्म अल-शेख, सगळी नावं इथून आली. रास म्हणजे भूशिर, शआब म्हणजे रीफ. ही चार नावं कळली तरी नकाशा वाचता येतो आणि अर्धं ब्रीफिंग बोटीवर चढण्याआधीच होतं.

म्हणजे वाळवंटातल्या दुर्मीळ पावसाने डुगाँगचं कुरण तयार केलं आहे. किनाऱ्याच्या लांबीच्या मानाने अशी कुरणं थोडी आहेत, आणि हॉटेलं बांधायलाही हीच जागा सगळ्यात सोयीची, कारण इथेच वाळूचा किनारा मिळतो. डुगाँगला दिवसाला 30-40 किलो गवत लागतं. तो चरायला दुसरीकडे कुठे जाणार? मादी साधारण 13-14 महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन पिल्लांमध्ये तीन ते सात वर्षांचं अंतर. आयुष्य सत्तरीपर्यंत जाऊ शकतं. अशा प्राण्याच्या एका खाडीतल्या उपस्थितीची आपण रोजच्या रोज बोटी भरभरून परीक्षा घेतो. इजिप्शियन लोक त्याला अरूस अल-बहर म्हणतात, समुद्राची नवरी. मला हे नाव फार आवडतं.

डुगाँग आणि कासव या दोघांना हवा लागते, आणि ती फक्त वर असते. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पाण्यात कसं वागायचं हे बहुतेक आपोआप कळतं. चरत असताना बाजूला, थोडं लांब, त्याला दिसेल असं थांबा. गवतावर लोळू नका, वाळूवर राहा. तो वर निघाला की जागचे हलू नका. आणि स्नॉर्कल करणाऱ्यांनी, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगणाऱ्यांनी, तर विशेष जपायला हवं. टँकवाला डायव्हर निदान खाली असतो, स्नॉर्कलवाला नेमका त्याच्या श्वासाच्या जागेवर पसरलेला असतो. मर्सा आलमजवळच्या अबू दब्बाब खाडीतल्या मोठ्या हिरव्या कासवांचंही तेच. ती माणसाला सरावलेली दिसतात, पण वर येताना कोणी आडवं आलं की तीही वळतात.

आता डॉल्फिनकडे येते, कारण तिथे गर्दीच्या या प्रश्नाचं उत्तर आधीच सापडलेलं आहे.

मर्सा आलमच्या दक्षिणेला शआब समदाई नावाची घोड्याच्या नालासारखी रीफ आहे. तिच्या पोटात शांत, उथळ पाणी. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात मासे आणि माकूळ खातात आणि सकाळी या नालात विश्रांतीला येतात. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिलं. दिवसा आपल्याला दिसतात ती डॉल्फिन झोपेत असतात. त्यांची झोप आपल्यासारखी नसते. मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून, सगळा कळप एकमेकांना खेटून, एका लयीत हळूहळू पोहत राहतो. एकत्र वर, एकत्र खाली. पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय शांत आहेत, आपल्यासोबत पोहताहेत. तेवढ्यात कोणी मधे घुसलं की लय मोडते, कळप फुटतो, शेपट्या आपटतात, दिशा बदलते. झोपेतून दचकून उठवलं तर कोणाला बरं वाटेल?

या शतकाच्या सुरुवातीला समदाईत इतक्या बोटी यायला लागल्या की ती जागा काही काळ बंद करावी लागली. 2004 पासून ती नव्या नियमांनी उघडली. नालाचा आतला भाग फक्त डॉल्फिनचा, तिथे कोणीही जायचं नाही. त्याच्या बाहेर स्नॉर्कलवाल्यांचा पट्टा. त्याच्याही बाहेर बोटी. हद्द बोयांच्या, म्हणजे तरंगत्या खुणांच्या, दोरीने आखलेली. दिवसाला किती माणसं यायची याला मर्यादा, येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या, सोबत गाइड सक्तीचा. तुम्ही दोरीजवळ थांबायचं, आणि डॉल्फिनना वाटलं तर ती दोरीखालून तुमच्याकडे येतात. कधी येतात, कधी नाही. मी दोन वेळा गेले. एकदा ती आली नाहीत. मी तासभर दोरीला धरून निळ्या पाण्यात पाहत राहिले, आणि दूरवर सावल्या वळताना दिसल्या, तेवढंच. दुसऱ्या वेळी एक आई आणि तिचं पिल्लू माझ्याखालून इतकं जवळून गेलं की पिल्लाच्या अंगावरच्या सुरकुत्या दिसल्या. ती स्वतः आली होती. पाठलाग करून मिळालेल्या कुठल्याही क्षणाची मला याच्याशी तुलना करवत नाही.

आणखी दक्षिणेला, फ्युरी शोलच्या भागात, सताया नावाची दुसरी मोठी डॉल्फिन रीफ आहे. तिथे मी वेगळं दृश्य पाहिलं. डॉल्फिनचा कळप कुठे निघाला आहे ते पाहून झोडियॅक त्यांच्या पुढे जाऊन आडवी लावायची, ‘यल्ला, यल्ला’ (चला, चला) म्हणत माणसं उतरवायची, कळप वळला की सगळ्यांना पुन्हा वर ओढून परत पुढे जायचं. एका सकाळी आमच्याच बोटीने हे पाच वेळा केलं. आमच्यातल्या एकाने विचारलं की हे चालतं का, तर झोडियॅक चालवणारा मुलगा ओशाळून म्हणाला, नाही केलं तर लोक नाराज होतात.

लोक म्हणजे आपण.

बक्षीस हा शब्द आपलाही आहे आणि त्यांचाही. ते बक्शीश म्हणतात. बोटीवर स्वयंपाक करणारा, टँक भरणारा, तुमची फिन्स काढून हातात देणारा, झोडियॅक चालवणारा, या सगळ्यांच्या घरात त्या पाकिटातले पैसे मोलाचे असतात. ते पाकीट आपण कशावर जाड करतो? डॉल्फिन दिसली, डुगाँग दिसला, शार्क जवळ आला यावर. कप्तानाने अंतर राखलं, दुसऱ्या बोटी आत होत्या म्हणून आपली बोट बाहेरच थांबवली, तर त्या दिवशी आपण जेवताना चेहरे पाडून बसतो. मग तो काय शिकणार? तो आपल्याकडूनच शिकतो. तिथल्या खलाशांना नावं ठेवणं मला म्हणूनच मुळीच मान्य नाही. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

आणि तिथल्या डायव्हिंगवाल्यांनी स्वतःला बदलून दाखवलं आहे. पूर्वी उत्तरेकडच्या हुरघाडा शहरातल्या बोटी रीफवर सरळ नांगर टाकायच्या. एका नांगराने किती प्रवाळ मोडतं ते पाण्याखाली गेलेल्या माणसाला सांगायला नको. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, गोलाकार, भरीव प्रवाळ तर जेमतेम सेंटिमीटरभर. माणसाच्या उंचीचा गोळा म्हणजे शतकाहून जास्त काळाची वाढ. 1992 मध्ये हुरघाडातल्या डायव्हिंग व्यावसायिकांनीच पुढाकार घेऊन हेप्का ही संस्था उभी केली आणि रीफ-रीफवर कायमचे मुरिंग बोया बसवायला सुरुवात केली. आता नांगर न टाकता त्या दोरीला बोट बांधायची, ही तिथली साधी सवय झाली आहे. थिसलगॉर्मची गोष्टही सगळ्यांना माहीत असेल. 6 ऑक्टोबर 1941 ला जर्मन विमानांनी बुडवलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज शआब अलीजवळ सुमारे 30 मीटरवर आहे, पोटात मोटारसायकली, ट्रक, रायफली घेऊन. बोटी वर्षानुवर्षं त्याच्या अंगालाच दोर बांधत राहिल्या आणि लाटांच्या हिसक्यांनी त्याचे पत्रे उचकटले. आपल्यासारख्या पाहुण्यांनी त्यातल्या वस्तू खिशात घालून नेल्या, ते वेगळंच.

सहली आखणाऱ्यांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. तुमच्या जाहिरातीत ‘डॉल्फिनसोबत हमखास पोहा’ असं लिहू नका. हमखास या एका शब्दाने कप्तानाच्या हातातून थांबण्याचा अधिकार जातो. त्याऐवजी समदाईची दोरी काय आहे, ती का आहे, हे लिहा, लोकांना समजतं. दुसरं, ब्रदर्स, डेडलससारख्या किनाऱ्यापासून दूरच्या बेटांसाठी आणि रीफसाठी आधीच्या 50 डायव्हच्या अनुभवाची अट आहे ती कागदापुरती समजू नका. लॉगबुकात, म्हणजे डायव्हच्या नोंदवहीत, दोन पानं वाढवून माणसं नेली जातात हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तिथे पाण्याचा प्रवाह जोरात असतो, भिंत शेकडो मीटर खाली जाते, रात्रीचा डायव्ह करायला मनाई आहे. नवशिका घाबरला की पहिल्यांदा हाताला येईल ते धरतो, आणि हाताला येतं ते प्रवाळ असतं. त्याचा जीव धोक्यात जातो तो वेगळाच.

बॉयन्सीबद्दल, म्हणजे पाण्यात तरंगण्या-बुडण्याच्या तोलाबद्दल, मी हट्टी आहे, म्हणून दोन ओळी सहन करा. खुल्या महासागरात हजार भाग पाण्यात साधारण 35 भाग क्षार असतात, तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात 40 च्या आसपास. तुम्ही थोडे जास्त तरंगता. हिवाळ्यात पाणी 21-22 अंशांपर्यंत उतरतं, मग जाड सूट येतो, तो आणखी तरंगवतो. पहिल्या डायव्हला वजन कमी पडलं की लोक घाबरून पट्ट्यात भरमसाट शिसं घालतात आणि आठवडाभर रीफवर फिन्स घासत फिरतात. पहिला डायव्ह चेक डायव्ह म्हणूनच करा. उथळ वाळूवर, टँक रिकामी होत आल्यावर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना थांबायच्या जागी, स्थिर राहता येतं का ते पाहा, एकेक किलो कमी-जास्त करा. कॅमेरा त्या दिवशी बोटीवर ठेवा. गाइड याला वेळ देत नसेल तर मागून घ्या. आणि सागरी उद्यानात हातमोजे घालायला बंदी आहे तिचं कारण हेच आहे, उघड्या हाताने माणूस रीफला धरायला कचरतो.

शार्कबद्दल थोडक्यात. मर्सा आलमजवळच्या एल्फिन्स्टन रीफला ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास पांढऱ्या टोकांच्या पंखांचा महासागरी शार्क येतो, डायव्हर त्याला लाँगिमॅनस म्हणतात. जगात तो अत्यंत संकटग्रस्त आहे, आणि इथे तो अजून भेटतो हे आपलं केवढं भाग्य. तो धीट आहे, जवळ येतो, घिरट्या घालतो. पाठ फिरवायची नाही, गटाने राहायचं, पृष्ठभागावर रेंगाळायचं नाही, एवढं पाळलं की बहुतेक वेळा तो पाहून निघून जातो. पण बोटीवरून उरलंसुरलं अन्न पाण्यात टाकलं तर तो बोट आणि अन्न यांची सांगड घालायला शिकतो. 2010 च्या शेवटी शर्म अल-शेखला पर्यटकांवर हल्ले झाले, त्यात एका स्त्रीचा जीव गेला, आणि शार्कला किंवा माशांना खाऊ घालणं, समुद्रात मेलेली जनावरं टाकणं ही संभाव्य कारणं तेव्हा चर्चेत आली. तुमच्या बोटीवर कोणी ताटातलं समुद्रात ओतताना दिसलं तर तिथल्या तिथे बोला.

कोणी म्हणेल, पाणी तापतंय, प्रवाळ जगभर पांढरं पडतंय, तिथे आमच्या फिन्सनी काय फरक पडतो? तांबड्या समुद्राच्या उत्तर भागाबद्दल शास्त्रज्ञांचं एक म्हणणं आहे, ते मला धीर देतं. हिमयुगानंतर प्रवाळाच्या पिढ्या दक्षिणेच्या बाब अल-मंदब सामुद्रधुनीच्या बाजूने आत आल्या, आणि दक्षिणेचं पाणी फार गरम. त्या उष्णतेतून तगून जी उत्तरेला पोचली, ती उष्णता सोसणारी निघाली. त्यामुळे इथलं प्रवाळ इतर ठिकाणांपेक्षा जास्त काळ टिकेल अशी आशा आहे. अलीकडच्या उन्हाळ्यांत काही भागात तेही पांढरं पडलं, म्हणजे त्यालाही मर्यादा आहे. पण जे उष्णतेतून वाचू शकतं ते नांगराने, सांडपाण्याने, गर्दीने आणि आपल्या गुडघ्यांनी मरावं हे मला सहन होत नाही. उष्णता माझ्या हातात नाही. गुडघे आहेत.

तर मागणं एवढंच. पुढच्या सहलीला निघाल तेव्हा पाकीट शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबवू नका. पहिल्या दिवशी, चेक डायव्हच्या आधी, सगळ्यांनी मिळून कप्तानाला आणि गाइडला भेटा. त्याला सांगा की आमचं बक्षीस ठरलेलं आहे, प्राणी दिसो न दिसो. आम्हाला पाठलाग नको. खाडीत आधीच बोटी असतील तर आपण बाहेर थांबू, किंवा दुसऱ्या रीफवर जाऊ. झोडियॅकमधून एका वेळी थोडीच माणसं उतरवा, आणि डुगाँग वर येत असेल तर कोणालाच नको. इंग्रजी येत नसेल त्या खलाशालाही कळेल असा एक शब्द आहे, तिथे दिवसभर कानावर पडतो: शुवय्या, शुवय्या. हळू, हळू. तुम्ही तो म्हटलात की ते हसतात, आणि इंजिनाचा आवाज खरोखर कमी होतो.

मी येत्या नोव्हेंबरात पुन्हा जाते आहे. आमच्या गटातल्या आठही जणांनी हे मान्य केलं आहे. त्याच खाडीत एक सकाळ ठेवली आहे, बोटी येण्याच्या आधीची, किनाऱ्यावरून चालत उतरायचं, वाळूवर बसायचं. तो असेल किंवा नसेल.

तुमच्यातलीच एक,
गवताच्या कडेला थांबलेली डायव्हर